हलणाऱ्या वायरीचा जोड

"साठ," टेस्टर म्हणाला. "परत साठच."

डॅशबोर्डखालच्या सॉकेटात मीटरच्या दोन सुया खुपसून तो उताणा पडला होता. डोकं पेडलांपाशी, पाय दाराबाहेर. गाड्यांच्या वायरिंगमधले दोष शोधतो म्हणून गॅरेजांच्या बाजारात सगळे त्याला टेस्टरच म्हणत. वरून वहिनींनी विचारलं, साठ म्हणजे चांगलं की वाईट. चांगलं, तो म्हणाला, आणि चांगलं आहे हेच वाईट आहे. दुखणं अंगात आहे आणि नाडी मात्र ठणठणीत लागतेय, अशा पेशंटला डॉक्टर काय औषध देणार?

सकाळी साडेसातला हीच गाडी भर चौकात मेली होती. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले, काटे शून्यावर आपटले आणि इंजिन बंद. मागे एक ट्रक कर्कश ब्रेक दाबत हातभर अंतरावर थांबला. आत तीन माणसं होती, पहाटेच्या पाळीला किडनीच्या मशीनवर चार तास काढून घरी निघालेली, पिळून टाकलेल्या फडक्यासारखी. दहा मिनिटांनी गाडी आपणहून सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं. महिन्यातली ही चौथी वेळ. रुग्णालयाच्या साहेबांनी फोनवर आवाजही चढवला नव्हता. दोनच्या फेरीला गाडी दारात धड उभी राहिली तर ठीक, नाही तर उद्यापासून फेरी दुसऱ्या कुणाला तरी, एवढंच म्हणाले.

फेरी गेली तर काय, हे टेस्टरला कुणी सांगायला नको होतं. त्याच्या थोरल्या भावाला, दादाला, जाऊन दोन वर्षं झाली होती. वहिनींचा भाऊ दोनदा येऊन गेला होता, आता इथे आहे काय तुझं, चल म्हणून. भावजयीच्या स्वयंपाकघरात उरलेलं आयुष्य भाज्या चिरत काढायचं नाही, म्हणून तर वहिनी बावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या. गाडी दादानंच तयार करून ठेवलेली. जुनी घेतली, मागची अर्धी आसनं काढली आणि चाकाची खुर्ची आत सरकावी म्हणून तळाला लोखंडी रूळ बसवले. फेरी होती तोवर वहिनी इथे होत्या. फेरी गेली की दादाच्या घराला कुलूप.

टेस्टर उठला, मीटर खाली ठेवला, लगेच पुन्हा उचलला. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. बसला की उठायचा, उठला की कशाला उठलो ते विसरायचा. भिंतीवरचं घड्याळ साडेदहा दाखवत होतं आणि त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून तो दर दोन मिनिटांनी बघत होता.

आजकालच्या गाडीचं असं असतं. इंजिनची पेटी वेगळी, ब्रेकची वेगळी, काट्यांची वेगळी. आणि या सगळ्या पेट्या एकमेकींशी बोलतात त्या फक्त दोन बारीक वायरींवरून. वेणीसारखा पीळ घातलेल्या त्या दोन वायरी गाडीभर फिरतात. वायरीच्या प्रत्येक टोकाला एकेक अडथळा बसवलेला, दोन्ही जागेवर असले की मीटरवर साठ. मधे कुठे वायर तुटली, की एक टोक हरवतं आणि मीटर एकशेवीस दाखवतो. एवढं सोपं. फक्त वायर तुटलेली असताना मीटर लावता आला पाहिजे. ही बया चौकात तुटायची आणि टेस्टरच्या दारात आली की सोवळ्यात बसल्यासारखी गप्प.

तीनदा त्यानं हात मारला होता. स्कॅनर लावला की सगळ्या पेट्या एकमुखानं ब्रेकच्या पेटीकडे बोट दाखवायच्या: ही बोलत नाही, हिच्याशी संपर्क तुटला. स्कॅनर खोटं बोलत नाही, पण चुगलखोर असतो. घरात चौघांनी एकाचं नाव घेतलं म्हणून तोच चोर ठरत नाही. हे टेस्टर इतरांना शिकवायचा आणि तरी घाईत त्यानं ब्रेकची पेटी बदलली. गाडी नऊ दिवस चालली. मग बॅटरीची टोकं बदलली, सहा दिवस चालली. मग इंजिनाजवळची सगळी कनेक्टरं उघडून, पुसून, पुन्हा बसवली. चार दिवस. दिवस कमी कमी होत चालले होते.

शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये डेंटर होता. गाड्यांचे पोचे काढणारा, अंगानं दीड माणसाचा, जिभेनं तीन माणसांचा. हातात चहाचा ग्लास घेऊन तो आला आणि वहिनींना म्हणाला, "याला तुम्ही गाडी दाखवता म्हणजे कमाल आहे. याच्या स्वतःच्या स्कूटरचा हॉर्न वर्षभर वाजत नाही."

टेस्टरनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यानं वहिनींना चारही वेळा नेमकं काय झालं ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. वहिनींनी डोळे मिटून सांगितलं. एकदा गतिरोधकावर. एकदा पुलाच्या सांध्यावर. एकदा वळणावर. आज चौकात, जिथे रस्ता खणून बुजवलाय तिथे. ऊन असो, पाऊस असो. रुग्णालयाकडे जाताना एकदाही नाही, हे त्यांना सांगता सांगताच सुचलं. चारही वेळा परत येताना.

परत येताना कोण असतं, त्यानं विचारलं.

तिघं. त्यात मास्तरीणबाई रुळाच्या कडेच्या आसनावर बसतात, वहिनी म्हणाल्या. जाताना पुढे बसतात, पण येताना त्यांना पाय लांब करायचे असतात.

"मग सापडला दोष," डेंटर म्हणाला. "मास्तरीणबाई. दोन पोत्यांचं वजन आहे बाईंचं. पेटी बदलू नको, बाई बदल."

वहिनी हसल्या नाहीत. टेस्टरही हसला नाही; तो डेंटरच्या पोटाकडे बघत होता.

"बस," तो म्हणाला.

"कुठे?"

"त्या आसनावर. ग्लास खाली ठेव आणि बस."

डेंटर कुरकुरत आत चढला. गाडी एका अंगाला कलली. बॅटरी सोडलेली होती, मीटरच्या सुया सॉकेटात होत्या. साठ. टेस्टरनं त्याला उठबस करायला सांगितलं. शाळेत मास्तरांनी लावल्या त्यानंतर आत्ताच, असं म्हणत डेंटरनं सहा उठाबशा काढल्या. साठ. मग टेस्टर म्हणाला, डुल. गाडी खड्ड्यात गेल्यावर माणूस डुलतो तसा. डेंटर डुलला, आणि आकडा एका क्षणासाठी एकशेवीसवर जाऊन परत साठावर आला. डोळ्याची पापणी लवावी तेवढाच. पण वहिनींनीही तो पाहिला. त्यांनी ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

बारा वाजायला वीस मिनिटं होती. आता खरं तर धावत जाऊन आसनाखालचा तळ उचकटायचा, एवढंच काम. पण माणसाचं मन मोठं चमत्कारिक. टेस्टर आधी पलीकडच्या बाजूचं मॅट उचलून बघत बसला. मग मागच्या दाराची वायर चाचपली. मग पाणी प्यायला गेला आणि न पिताच परत आला. कारण त्या आसनाखाली दादाचे रूळ होते. रुळांसाठी दादानं ती वेणी तिथे कापून, वळवून, पुन्हा जोडली होती, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तीन वेळा त्यानं सगळी गाडी पालथी घातली आणि तेवढी जागा सोडली. मूर्तीपुढे हात जोडणारा मूर्तीच्या पाठीमागे जाऊन बघत नाही. दादानं त्याला पक्कड कशी धरायची तिथपासून शिकवलं होतं. अख्ख्या बाजारात टेस्टर सांगत फिरायचा: आजारानं खाल्लं माझ्या दादाला, पण हात शेवटपर्यंत हलला नाही. जाण्याच्या आदल्या आठवड्यात जुळवलेली सर्किटची पाटी बघा, छापल्यासारखी.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "वेळ जातोय."

डेंटरला गिऱ्हाइकाची हाक आली, तो निघून गेला. टेस्टरनं रुळाचे सहा नट काढले. दोन गंजले होते, त्यांनी पंधरा मिनिटं खाल्ली. पत्रा उचलला. खाली काळ्या टेपमधली जाड वायर रुळाच्या कोपऱ्यावरून गेली होती. टेप त्यानं ब्लेडनं अलगद चिरला, आणि आत मेण लावलेला पांढरा दोरा दिसला, अंगठीसारखा एकाला एक लागून गुंडाळलेला. असा दोरा बाजारात एकच माणूस बांधायचा.

दोऱ्याखाली जोड. सोल्डर केलेला, म्हणजे कथील वितळवून चिकटवलेला, नितळ, पाऱ्याच्या थेंबासारखा चमकणारा. त्याच्याकडे बघत राहावं इतका देखणा. आणि जिथे सोल्डर संपून मऊ वायर सुरू होत होती, नेमकी तिथे तार तुटली होती. दोन टोकं एकमेकांना टेकून उभी होती. गाडी डुलली की सुटत होती, थांबली की टेकत होती.

टेस्टर गुडघ्यांवर बसून राहिला. हलणाऱ्या वायरीला सोल्डर लावायचं नसतं. सोल्डर तार कडक करतं आणि कडक तार कडेला मोडते. तिथे तांब्याची नळी घालून दाबायची. हा दादाचा पहिला धडा. टेस्टर सोळा वर्षांचा असताना त्यानं एकदा सोल्डर लावलं होतं, तेव्हा दादानं तो जोड त्याच्यासमोर कापून त्याच्या खिशात टाकला होता, घरी जाऊन बघत बस म्हणून. आणि तो दादा इथे असा चुकला होता. चौकात, ट्रकच्या तोंडी, स्वतःच्या बायकोला घेऊन उभी राहणारी चूक.

"मिळालं?" वहिनी दाराशी आल्या.

"उंदीर," तो म्हणाला. मान वर न करता. "उंदरानं कुरतडलीय वायर."

वहिनी आत चढल्या. त्याच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"उंदीर मेणाचा दोरा बांधून जातो का, भाऊजी?"

टेस्टरला शब्द जुळवावे लागले. दुखणाईत माणूस, तो म्हणाला, शेवटी शेवटी लक्ष राहिलं नसेल, एखादा जोड असा जायचाच. बाजारात कुणाला कळायचं कारण नाही. आत्ता कापून टाकतो.

"त्यांचा नाही तो," वहिनी म्हणाल्या. "माझा आहे."

मग त्यांनी सांगितलं. तुटक तुटक, नजर जोडावर ठेवून, एखादं जड भांडं हळूहळू खाली ठेवावं तसं. जायच्या आधी सव्वा वर्ष दादाचा हात हलायला लागला होता. आधी चहाचा कप, मग सही, मग पक्कड. तेव्हा त्यानं कामाचा बाक दुकानातून उचलून घरी मागच्या खोलीत नेला, रस्त्याचा आवाज सोसत नाही म्हणून. टेस्टर सकाळी बिघडलेल्या पाट्या आणून द्यायचा आणि संध्याकाळी दुरुस्त झालेल्या घेऊन जायचा. मधल्या वेळात दादा स्टुलावर बसून बोलायचा आणि वहिनी हातात गरम सळई धरून ऐकायच्या. डावीकडे. थांब. धूर आला की उचल. पहिल्या महिन्यात त्यांनी आठ पाट्या जाळल्या. त्या दादानं परसात पुरल्या. पुढे एकही जळली नाही.

या गाडीचं काम अंगणात चाललं होतं. त्या दिवशी दादाला ताप होता, तो झोपला होता. त्याला उठवायचं नाही म्हणून वहिनींनी एकटीनं जोड केला. आयुष्यातला पहिला एकटीचा.

"हलत्या वायरीला सोल्डर नको, हे त्यांनी मला वीसदा सांगितलं होतं. पण नळी दाबलेला जोड कसा ठेचल्यासारखा दिसतो हो. मला तो चमकणारा आवडायचा." त्यांनी जोडावरून बोट फिरवलं. "संध्याकाळी ते उठून आले. असंच बोट फिरवलं. काही बोलले नाहीत. दोरा बांध म्हणाले, मी बांधला."

"त्याला कळलं असणार," टेस्टर म्हणाला.

"कळलंच असणार. माझा पहिलाच होता ना."

टेस्टर गाडीतून उतरला. फाटकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. बाजारभर ज्या हाताची कीर्ती त्यानं गायली, तो हात दादाचा नव्हताच. आणि ज्याचा होता, तिला तो वर्षभर दाराशी पाट्या देताना विचारायचा, वहिनी, चहा आहे का.

"मी रोज यायचो," तो दारातून म्हणाला. "रोज सकाळी. मला सांगायचं नाही?"

"तुम्हालाच नाही सांगायचं. धाकटा माझ्याकडे बघून काम करतो, म्हणायचे. त्याला कळलं तर त्याचाही हात हलेल. वचन घेतलं होतं माझ्याकडून."

त्यानं विचारलं, की मग महिनाभर गाडी बंद पडतेय, फेरी जायची वेळ आलीय, तेव्हा तरी. वहिनी म्हणाल्या, दोनदा विचारलं होतं मी, रुळाखाली बघितलंत का म्हणून. तुम्ही म्हणालात, तिथे दादाचा हात आहे, तिथे काय बघायचं. त्यावर मी काय बोलणार होते?

"पण आज सकाळी मास्तरीणबाईंनी माझा खांदा धरला," त्या म्हणाल्या. "मागून ट्रक आला तेव्हा. नुसता धरला. तेव्हाच ठरवलं, आज तुम्ही नाही उघडलंत तर मी उघडणार. मेलेल्या माणसाचं नाव राखायला जिवंत माणसं कशाला घालवायची?"

घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

टेस्टरनं टूलबॉक्समधून तांब्याच्या दोन नळ्या काढल्या, दाबायची पक्कड काढली. तुटल्या जागेवर वायर कापायला कटर उचलला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, तो कटर त्यानं उलटा करून, मुठीची बाजू वहिनींकडे धरून पुढे केला. वहिनींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग ओढणी कमरेला खोचली आणि जोड स्वतःच कापला. दोन्ही बाजूंनी बोटबोट मागे सरून, जिथे तार कोवळी होती तिथवर. तार सोलली, नळीत घातली, पक्कड दाबली. एकदा, आणि खात्रीसाठी पुन्हा ओढून पाहिली. दुसऱ्या वायरीचा जोड पहिल्याच्या शेजारी न घेता थोडा पुढे सरकवून घेतला. मग दोन्ही वायरींना पुन्हा पीळ घातला, वेणीच्या सफाईनं. टेस्टर नुसता टॉर्च धरून होता. पंचवीस वर्षांत बाजारातल्या कुणाच्याही कामात बोट ठेवायला जागा शोधल्याशिवाय त्यानं सोडलं नव्हतं. इथे त्याला काही सापडेना. टॉर्चचा उजेड तेवढा जरा हलत होता.

हलत्या वायरींचे असे चमकणारे अजून तीन जोड आहेत माझे, नंतर अंगणातच केलेले, वहिनी काम करता करता म्हणाल्या. बाकी सगळं पाटीवरचं, ते हलत नाही. डेअरीचा टेम्पो, डोळ्यांच्या डॉक्टरांची गाडी आणि शाळेची लहान बस. त्यांना नंबरांसकट पाठ होतं. टेस्टर म्हणाला, उद्या बोलावून घेतो. वहिनी म्हणाल्या, बस आजच; चारला शाळा सुटायच्या आत.

पत्रा बसला, रूळ बसले. डेंटरला पुन्हा बोलावून डुलवलं. तो डुलला, उड्या मारल्या, शेवटी आपणहून एक गाणंही म्हटलं. मीटर साठावरून हलला नाही.

"काय होतं काय शेवटी?" त्यानं घाम पुसत विचारलं.

"जोड तुटला होता," टेस्टर म्हणाला.

"कुणी केला होता?"

टेस्टर बॅटरी जोडत होता. त्याचा हात थांबला. चालकाच्या जागेवरून वहिनी म्हणाल्या, "मी."

डेंटर पोट धरून हसला. वहिनी पण ना, म्हणाला, आज फॉर्मात आहेत, आणि हसत हसतच आपल्या पत्र्यात निघून गेला.

टेस्टर गाडीत बसला. शाळेच्या बसला त्यानं तीनला दुकानात बोलावून ठेवलं होतं; गाडीबरोबर जायची गरज नव्हती, पण तोवर दुकानात त्याला बसवलं नसतं. सगळ्या रस्त्यानं त्याचा एक पाय, नसलेल्या ब्रेकवर दाबलेला. खणून बुजवलेला चौक आला तेव्हा त्यानं काट्यांवर नजर रोवली. गाडी धडधडली, काटे जागेवर राहिले. वहिनींनी आरशात बघून वेग जराही कमी केला नव्हता. दोनला आठ मिनिटं कमी असताना गाडी रुग्णालयाच्या दाराशी उभी राहिली. साहेब पायरीवर होते. त्यांनी मनगटावर पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि हातातल्या फेरीच्या कागदावर खूण करून आत गेले. एवढंच.

दुपारच्या फेरीत एक नवीन म्हातारे गृहस्थ होते, चाकाच्या खुर्चीतले. त्यांना गाडीची धास्ती वाटत होती. सकाळचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. वहिनींनी खुर्ची रुळांवर सरकवली, चाकं अडकवली आणि पट्टा बांधायला त्यांच्यापुढे वाकल्या. गृहस्थांनी विचारलं, नीट आहे ना आता? नीट आहे, बाबा, वहिनी म्हणाल्या, टेका निवांत. पट्टा ओढताना त्यांची बाही कोपरापर्यंत वर सरकली.

मनगटापासून वर बारीक गोल डाग होते, डाळीएवढे, दहा-बारा. जुने, पांढरट पडलेले. टेस्टरनं ते इतकी वर्षं पाहिले होते; जेवायला वाढताना, दारात पाट्या घेताना. फोडणीचं तेल उडालं असेल, एवढंच त्याला वाटत आलं होतं.

वहिनींनी पट्ट्याची कडी लावली, एकदा ओढून पाहिली आणि बाही खाली केली.